सारिजोच्या गाठी

मार्गोनोने कॅसेट आत सरकवली, बटण दाबलं, आणि मशिनने ती खाल्ली.

खाल्ली म्हणजे अगदी घास घेऊन. आधी आतून कुणीतरी उसाचं चिपाड चघळतंय असा आवाज आला, मग टीव्हीवर दोन पांढरे पट्टे आडवे धावले आणि पुढच्या फटीतून तपकिरी फितीचं वेटोळं शेवयांसारखं लोंबू लागलं. मार्गोनोने घाबरून ते ओढलं. रेडिओपासून भाताच्या विजेच्या भांड्यापर्यंत सगळं दुरुस्त करणारा गावातला हा एकुलता एक माणूस. अडकलेली फीत कधी ओढायची नसते, हे त्याने आयुष्यभर गिऱ्हाइकांना बजावून सांगितलेलं. त्याने ओढली आणि ती तुटली.

दारातल्या बाकड्यावर एम्बाह साकिनेम पाय वर घेऊन बसली होती. सगळ्या गावाची ती एम्बाह, म्हणजे आजी. तिला स्वतःला नातवंड सोडाच, मूलही नव्हतं.

"झालं?" तिने विचारलं.

"एम्बाह, मशिन सहा वर्षं बंद होतं. आत दमट हवा, त्यात मुंग्यांनी..."

"मी मुंग्यांची चौकशी केली नाही. पिक्चर गेलं का?"

"गेलं."

साकिनेमने एक सुस्कारा सोडला, शेजारच्या बशीतला उकडलेल्या कसाव्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि चालू लागली. मार्गोनो हातात फितीचा गुंता घेऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता, तो पडायलाच हवा होता. पण आत, छातीत, एक धोंडा अलगद बाजूला सरकला होता. ते त्याला कळलं आणि त्याची त्यालाच शरम वाटली.

ती कॅसेट तिला हवी होती याला कारण पोनिमान ड्रायव्हर. नदीकाठच्या बांबूच्या बेटाशी, जिथे वाळूचे ट्रक वळतात, तिथे गेले दोन महिने म्हणे पोचोंग दिसत होता. कफनात गुंडाळलेला, डोक्यावर, गळ्याशी, कमरेशी, पायांशी गाठी मारलेला, आणि पाय बांधलेले म्हणून उड्या मारत येणारा. कबरीत ठेवल्यावर कफनाच्या गाठी सोडायच्या राहिल्या, की मेलेला माणूस असा परत येतो आणि गाठी सोडा म्हणून दारोदार फिरतो, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. बांबूच्या बेटात पोचोंग दिसणं ही काही बातमी नव्हे. पण पोनिमानने चहाच्या टपरीवर बसून त्या पोचोंगाचं बारसं केलं आणि नाव ठेवलं सारिजो. सारिजो म्हणजे साकिनेमचा नवरा. बावीस वर्षांपूर्वी डोंगरावरून आलेल्या लोंढ्याने त्याला वाळूच्या खड्ड्यातून उचलून नेलं होतं. प्रेत मिळालं नाही, कबर नाही, कफन नाही. प्रेतच नव्हतं तर गाठी कुठल्या, असं कुणी विचारलंच तर पोनिमानजवळ उत्तर तयार असे.

"कफन मिळालं होतं की. मरायच्या आधी. पिक्चरमध्ये."

आणि हे मात्र खरं होतं.

बावीस वर्षांपूर्वी राजधानीतून एक कंपनी गावच्या कबरस्तानात भुताचं पिक्चर काढायला आली होती. त्यातला पोचोंग म्हणजे सारिजो. पिक्चर पुढे मैदानात चादर ताणून दाखवलं, तेव्हा साकिनेमने ते एकदाच पाहिलं होतं. शेवटी मोदिन, म्हणजे मय्यतीचे विधी करणारा गावचा मौलवी, कबरीत उतरतो, दुवा म्हणतो आणि पोचोंगाच्या गाठी सोडतो, असं तिला स्वच्छ आठवत होतं. तेच तिला सगळ्यांना दाखवायचं होतं, पोनिमानला पहिल्या रांगेत बसवून. गाठी सुटल्या आहेत, माझा माणूस कुठेही उड्या मारत नाही, आणि याला पुरावा म्हणून पिक्चर आहे.

मार्गोनोने आधी कॅसेट नाहीच म्हणून पाहिलं होतं. साकिनेम उठली. मागच्या पडवीत गेली, कोंबड्या ज्या खोक्यांत अंडी घालत होत्या ती खोकी एकेक करून उलटी केली आणि पाऊण तासात कॅसेट आणि तीन अंडी घेऊन बाहेर आली. अंडी तिने मार्गोनोच्या बायकोला, वार्तिनीला दिली.

साकिनेमशी कुणी वाद घालत नसे, कारण शेवटी सगळ्यांना तिच्याच हाताखाली जायचं होतं. निदान बायकांना तरी. गावातली कुठलीही बाई गेली की तिला न्हाऊ घालायला आणि कफन बांधायला साकिनेमला बोलावणं जाई. पुरुषांचं पुरुष करत, पण कापड मोजायला तिलाच विचारत. नजरेने मोजायची तिला इतकी सवय झाली होती, की बाजारात ओळखीची बाई भेटली तरी ती आधी पायांकडे मग डोक्याकडे बघे आणि मग म्हणे, "बारीक झालीस गं, मीटरभर कमी लागेल." बाई हसे आणि घरी जाऊन दोन दिवस जेवत नसे.

मिनीबसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राही. तिच्या अंगाला कापराचा वास येई. तो तिच्या सदऱ्यांत, केसांत, तिने केलेल्या भातातसुद्धा मुरला होता. मोबदला ती घेत नसे. उरलेला साबण घेई आणि मय्यतीच्या घरी पोटभर जेवे. हे पोटभर जेवणं लोकांना खटके. "दुःखाच्या घरी हिचा हात बघा कसा चालतो," असं कुणीतरी एकदा तिच्या कानावर पडेल इतक्या हळू बोललं. तेव्हा ती म्हणाली होती, "पाणी ओतून ओतून भूक लागते. तुम्ही नुसते रडता, तुम्हाला काय लागणार?"

काम करताना ती मेलेल्या बाईशी बोलत असे. हात वर घे बाई, आता कूस बदल, लाजू नकोस, इथे कुणी नाही. मेलेल्यांशी जितकं गोड बोले तितकं ती जिवंत माणसांशी बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. अपवाद सारिजोचा.

सारिजो आडदांड, हसरा आणि आळशी होता. नदीतली वाळू उपसायचं काम करी, म्हणजे निम्मा वेळ खड्ड्याच्या काठावर लवंगी सिगारेट ओढत बसे. पिक्चरवाले आले तेव्हा त्यांना उंच माणूस हवा होता, जो बांधलेल्या पायांनी कबरींमधून उड्या मारेल आणि पडणार नाही. शहरातून आणलेला नट पहिल्याच उडीत तोंडावर आपटला. सारिजो पुढे झाला. रोज जेवणाचा डबा मिळणार होता आणि तोंड पडद्यावर दिसणार होतं.

साकिनेमने साफ नाही म्हटलं. जिवंत माणसाच्या अंगाला कफन लावायचं नसतं.

"अगं, खोटं आहे ते," सारिजो म्हणाला.

"कापड खरं आहे. गाठी खऱ्या आहेत. खोटे फक्त तुम्ही."

दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी ती एका अटीवर कबूल झाली. बांधायचं तिने आणि सोडायचंही तिनेच. पिक्चरवाल्यांना बरंच झालं, कारण त्यांच्यातल्या कुणालाच कफन कसं बांधतात ते धड माहीत नव्हतं. नऊ दिवस सकाळी ती नवऱ्याला सात गाठींनी बांधी आणि संध्याकाळी डोक्याकडून पायाकडे एकेक गाठ हाताने सोडवी. पडद्यावर गाठी मारताना जे हात दिसतात तेही तिचेच. नटीच्या हातांना लाल नखं होती म्हणून.

मार्गोनो तेव्हा बावीस वर्षांचा होता. गावातला पहिला काळं आकडेवालं घड्याळ बांधणारा तरुण. पिक्चरवाल्यांच्या वायरी उचल, दिवे धर, छत्री धर अशी कामं करता करता त्याच्या डोक्यात विचार आला होता, की आपण व्हिडिओ भाड्याने द्यायचं दुकान काढायचं.

शेवटचा दिवस क्लिवोनचा शुक्रवार. आठवड्याचा शुक्रवार आणि पाच दिवसांच्या बाजारचक्रातला क्लिवोन नावाचा दिवस एकत्र आला की इथली जुनी माणसं नखंसुद्धा काढत नाहीत. शहरातल्या लोकांना त्याचं काय. ते शेवटचा देखावा घेत होते आणि बस इंजिन सुरू करून उभी होती. तेवढ्यात शेजारच्या वाडीतून साकिनेमला बोलावणं आलं. बाळंतपणात एक पोरगी गेली होती. साकिनेमने ओढणीची गाठ मारली आणि समोर दिसला त्या मार्गोनोला म्हणाली, "गोनो, संपलं की यांच्या गाठी तू सोड. डोक्याकडून. हाताने. कात्री लावायची नाही."

"हो, एम्बाह." तेव्हाही ती एम्बाहच होती. चाळिशीची.

मार्गोनोने कात्री लावली.

बस हॉर्न वाजवत होती, डायरेक्टर ओरडत होता, गाठी घामाने घट्ट बसल्या होत्या आणि आत सारिजो लघवीला जायचं म्हणून हसत हसत शिव्या देत होता. सात ठिकाणी खचाखच कापून मार्गोनोने त्याला मोकळं केलं. सहा तुकडे कचऱ्याबरोबर जळाले. सातवा, डोक्याकडचा, गाठीसकट त्याने खिशात घातला. कारण डोक्याकडच्या गाठीने धंद्याला बरकत येते असं म्हणतात. तिच्यासाठी लोक कबरी उकरतात. ही तर आयती मिळत होती, आणि माणूस जिवंत होता, म्हणजे पापही नाही, असा त्याने हिशेब केला.

त्या रात्री साकिनेमने विचारलं, "सोडल्यास?"

"सोडल्या."

पुढच्या क्लिवोनच्या शुक्रवारी, बरोबर पस्तिसाव्या दिवशी, नदीने सारिजोला नेलं.

मार्गोनोचं दुकान मात्र धो धो चाललं. तीन गावांची माणसं कॅसेटी न्यायला येत. सिगारेटच्या पत्र्याच्या डबीत ती गाठ, आणि ती डबी कपाटाच्या माथ्यावर. टाकून द्यायची हिंमत नाही, सोडवायची हिंमत नाही, आणि सांगायची तर नाहीच नाही. वार्तिनीची समजूत अशी, की त्या डबीत नवऱ्याला लग्नाआधी मुंतिलानच्या कुठल्याशा मुलीने लिहिलेली पत्रं आहेत. ती मानी बाई. वीस वर्षं तिने त्या कपाटाचा माथा झाडला नव्हता.

पुढे पिक्चरची कॅसेट आली. मार्गोनोने दार लावून ती एकट्याने पाहिली आणि शेवट दोनदा मागे घेऊन बघितला. मैदानातल्या चादरीवर कडेचा जो भाग कापला जाई तो टीव्हीवर अख्खा दिसत होता. शेवटच्या देखाव्यात, मोदिन झालेल्या नटाचा हात डोक्याकडच्या गाठीवर ठेवला जातो त्याच क्षणी, उजव्या कडेने अजून एक हात चित्रात शिरतो. त्याच्या मनगटावर काळं घड्याळ आहे आणि मुठीत कात्री. दोन पापण्या मिटेपर्यंतचा वेळ, मग अंधार आणि नावं. ज्यांनी ती कॅसेट भाड्याने नेली त्यांनी भूत बघितलं, कडेला कोण बघतो? पण साकिनेमची नजर गाठीवर असणार होती.

म्हणून मशिनने कॅसेट खाल्ली तेव्हा त्याला हलकं वाटलं होतं.

साकिनेम स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हती. तीन क्लिवोनचे बाजार ती मुंतिलानला गेली. तिथे व्हीसीडीच्या टपऱ्यांची एक रांगच आहे. पत्र्यावर पोस्टरं, कानठळ्या बसवणारं गाणं आणि मागे स्टुलावर पेंगणारा मालक. पिक्चरचं नाव तिला आठवत नव्हतं. ती प्रत्येक टपरीशी उभी राहून सांगे, "माझा नवरा ज्याच्यात मेलेला आहे ते."

"आजी, कुठल्या पिक्चरमध्ये?"

"कफनात आहे. उंच आहे. डावा गाल सुजलेला आहे."

पहिल्या बाजारी लोक हसले. दुसऱ्या बाजारी एकाने तिला बसायला स्टूल दिलं आणि खोक्यातले सगळे भुताचे डबे तिच्या मांडीवर ओतले. तिसऱ्या बाजारी तिने वेष्टनावरच्या धुरकट चित्रातल्या गाठींवर बोट ठेवलं. "ह्या माझ्या. अशी फेर देऊन गाठ इकडे दुसरं कुणी मारत नाही."

व्हीसीडी लावायचं चांगलं यंत्र पुन्हा मार्गोनोकडेच. देवाला विनोदाची आवड असावी.

रविवारी दुपारची नमाज झाल्यावर टीव्ही पडवीत काढला. वार्तिनीने आंबवलेल्या सोयाबीनचे टेंपे तळले, गोड चहाची किटली भरली. वीस-पंचवीस माणसं चटयांवर बसली. पहिल्या रांगेत पोनिमान, साकिनेमने हाताला धरून आणून बसवलेला. साकिनेम नेसूच्या चांगल्या सारोंगात, सदऱ्याला पिन लावून आली होती. कुणाच्या लग्नाला आल्यासारखी.

मार्गोनोने तबकडी पुसली. गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली.

"मास गोनो, चाटून बघता का?" पोनिमानने थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारली. "या वेळी मशिनला आधी जेवायला घाला म्हणजे पिक्चर खाणार नाही."

पिक्चर सुरू झालं. ज्या पिक्चरने बावीस वर्षांपूर्वी अर्ध्या गावाला अंथरुणं ओली करायला लावली होती त्याला आता हसू येत होतं. धूर कुणीतरी बादलीतून सोडत होतं. चंद्र दोन ठिकाणी होता. पोचोंग उडी मारत कबरींमधून आला आणि कफनाखाली काहीतरी निळं चमकलं.

"अरे, चपला," पोनिमान गुडघ्यावर थापटी मारत म्हणाला. "भुताने चपला घातल्यात."

"माझ्या आहेत," साकिनेम म्हणाली. "काटे फार होते तिथे."

सगळे हसले. तीही हसली. मार्गोनोने तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, इथेच वीज जाऊ दे.

वीज गेली नाही, पण तबकडी अडकली. पोचोंगाचा चेहरा पडदाभर आला होता. पांढरा रंग, नाकात कापूस, डोळ्यांखाली कोळसा. तेवढ्यात चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि ते थांबलं. मार्गोनो यंत्राला थोपटायला उठला.

"राहू दे," साकिनेम म्हणाली.

ती सरकत सरकत टीव्हीपाशी गेली. घरात सारिजोचा एकही फोटो नव्हता. होता तो ओळखपत्रावर, आणि ओळखपत्र त्याच्या खिशात नदीत गेलं होतं. एक कपाळाचा चौकोन, एक डोळ्याचा, अर्धं नाक, आणि डावा गाल.

"बघा," ती म्हणाली, "दाढ तेव्हापासूनच सुजली होती. लवंग धरा म्हटलं तर ऐकलं नाही." मग आणखी थोड्या वेळाने, कुणालाच उद्देशून नाही, "केवढे तरुण होते."

यंत्राने उचकी दिली आणि चित्र पुढे सरकलं. साकिनेम परत जागेवर गेली नाही. टीव्हीपासून हातभर अंतरावर तशीच मांडी घालून बसली. पडद्यावर तिचेच चाळिशीतले हात गाठी मारू लागले आणि तिच्या मांडीवरची म्हातारी बोटं आपसूक हलू लागली. एक, दोन, तीन, अशा सात.

मग शेवट आला. मोदिन कबरीत उतरला. "पोनिमान, आता बघ," साकिनेम मान न वळवता म्हणाली. मोदिनचा हात गाठीवर आला. उजव्या कडेने दुसरा हात आला. अंधार. नावं.

"हा कुठला न्हावी?" पोनिमान हसला. "कात्री घेऊन आला होता. पाहिलंत का? पिक्चरवाल्यांना कडेचं दिसतच नाही. घड्याळ काय झकास पण."

वार्तिनी किटली घेऊन उभी होती. "अय्या, ते घड्याळ," ती म्हणाली, "आपल्या लग्नात तुम्ही..." आणि तिथेच थांबली.

मार्गोनोला आपलं उघडं मनगट कुठे ठेवावं ते कळेना.

"मागे घे," साकिनेम म्हणाली.

त्याने मागे घेतलं. हात, कात्री, अंधार.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ती वळली.

"त्या रात्री मी तुला विचारलं होतं, गोनो."

"हो, एम्बाह."

"काय म्हणालास?"

"सोडल्या म्हणालो."

"किती?"

"साती."

"तुझ्या तोंडाकडे बघून मी बावीस वर्षं झोपले." तिचा आवाज चढला नव्हता. मेलेल्या बाईला कूस बदलायला सांगताना असे तसाच होता, फक्त गोडवा नव्हता. "कुठे आहेत त्या?"

"सहा जळल्या. कचऱ्याबरोबर." मार्गोनोने आतल्या कपाटाकडे पाहिलं. "एक आहे."

तो आत गेला, स्टुलावर चढला. कपाटाच्या माथ्यावरची वीस वर्षांची धूळ त्याच्या डोक्यावर आली. डबी खाली येताना बघून वार्तिनीने किटली खाली ठेवली. मुंतिलानच्या मुलीने बिचारीने कधीच काही लिहिलं नव्हतं, हे तिला त्या क्षणी कळलं. पण तिला बरं वाटलं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही.

डबीत पिवळट कापडाची वीतभर पट्टी होती, दोन्ही टोकांना कात्रीने कापलेली. मधे गाठ, आवळ्याएवढी, दगडासारखी.

"दुकानासाठी?" साकिनेमने विचारलं.

त्याने मान डोलावली.

"मास गोनो," पोनिमान पुटपुटला, "जिवंत माणसाची गाठ..."

"तू गप्प," साकिनेम म्हणाली. "तू आता फक्त बघायचं."

तिने गाठ मांडीवर घेतली. आधी नखाने, मग अंगठ्याने, मग उरलेल्या दोन दातांनी. बावीस वर्षांचा घाम, दमट हवा आणि पत्र्याचा गंज तिच्यात मुरला होता. फेर सरकेना. टीव्हीवर नावं संपून निळा पडदा आला आणि तसाच राहिला. कुणीतरी तो बंद करायला उठत होतं, शेजारच्याने त्याला खाली ओढलं.

"तुझा तो बारीक पेचकस आहे का?"

मार्गोनोने हत्यारांच्या पेटीतून पेचकस आणून दिला.

"धार आहे?"

"नाही, एम्बाह."

"मग चालेल."

तिने टोक फेराखाली घातलं आणि कापडाचा एक धागाही तुटू न देता हळूहळू उचकटू लागली. अर्धा तास गेला असेल. टेंपे गार झाले. मधेच तिच्या बोटाला पेचकस लागला आणि पट्टीवर रक्ताचा ठिपका पडला. तिने बोट चोखलं आणि पुढे चालू ठेवलं. आणि मग ती बोलायला लागली. हळू, ज्या आवाजात ती मय्यतीच्या न्हाणीच्या बाकापाशी बोलत असे त्या आवाजात, नवऱ्याला पूर्वीसारखं कांग म्हणून हाक मारत. "थोडं थांबा, कांग. सैल होतंय. घाई करू नका, तुम्हाला कसली आलीय घाई, तुम्ही कधी कुठे वेळेवर पोचलात? हां. आता मान सोडा."

गाठ सुटली. पट्टीवर वळ्या तशाच राहिल्या, पण गाठ नव्हती. साकिनेमने ती दोन्ही हातांत ताणून पोनिमानपुढे धरली.

"काय आहे?"

"पट्टी आहे, एम्बाह."

"गाठ आहे?"

"नाही."

"टपरीवर एवढंच सांगायचं. यापेक्षा एक शब्द जास्त नाही."

पोनिमानने मान हलवली. त्याला लवकर घरी जायचं होतं. सगळ्यांनाच जायचं होतं. चपलांचा गोंधळ झाला आणि पडवी रिकामी झाली. वार्तिनी आत जाऊन बसली, नवऱ्याला हाक न मारता.

साकिनेमने पट्टी घडी करून कमरेच्या पट्ट्यात खोचली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, बशीतले दोन गार टेंपे उचलले, एक खाल्ला, एक हातात ठेवला. मार्गोनो पायरीपर्यंत तिच्या मागे गेला. बावीस वर्षं जे विचारायचं होतं ते त्याला नेमक्या शब्दांत सापडेना.

"एम्बाह," तो म्हणाला, "आता सगळं मोकळं झालं ना?"

"त्यांचं झालं, तुझं तू बघ."